ओझं उतरवलेली गाडी

नांदगाव पेठ म्हटलं की बाहेरचा माणूस हमखास नांदगाव खंडेश्वर समजतो. ते वेगळं, तालुक्याचं गाव. नांदगाव पेठ अमरावतीहून नागपूरकडे निघालं की दहा-बारा किलोमीटरवर, महामार्गाला चिकटून बसलेलं. टोलनाका, औद्योगिक वसाहत, १३५० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प, आणि अशा रस्त्याला जे लागतं ते सगळं: धाबे, पंक्चरवाले, वेल्डिंगची दुकानं. कॅफे रेसर मोटारसायकलींवरचा लेख इथून का सुरू करायचा, असं कोणी विचारेल. बहुतेकांच्या डोक्यात ही गाडी वांद्र्याच्या किंवा कोरेगाव पार्कच्या महागड्या कॉफीच्या दुकानापुढे उभी असते. माझ्या मते तिथेच घोटाळा होतो. तिचं मूळ ठिकाण धाबा आहे.

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली ‘एस कॅफे’ सुरू झाला, तो ट्रकचालकांसाठी. १९४० च्या बॉम्बफेकीत पडला, १९४९ मध्ये पुन्हा बांधला गेला. रात्रभर उघडा, चहा स्वस्त, शेजारी लांबलचक रस्ता. युद्धानंतर हातात पहिल्यांदा चार पैसे आलेली कामगारांची पोरं तिथे जमू लागली. ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकायचं, गाणं संपायच्या आत पुढच्या चौकाला वळसा घालून परत यायचं, अशी पैज लागे म्हणतात. त्यात खरं किती आणि दंतकथा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. ताशी १०० मैल, म्हणजे १६१ किलोमीटर गाठणं याला ते ‘टन’ म्हणत. ‘तुम्ही कसले रेसर, तुम्ही कॅफेतले रेसर,’ असं ट्रकवाले त्यांना चिडवत आणि शिवीचंच पुढे नाव झालं, असंही सांगतात. धाब्यावर बसलेल्या कोणत्याही ट्रक ड्रायव्हरचा स्वभाव पाहता हे मला सहज पटतं.

या पोरांची बदनामीही भरपूर झाली. १९६४ मध्ये इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यांवर रॉकर्स आणि मॉड्स यांच्या मारामाऱ्या गाजल्या. रॉकर्स मोटारसायकलवाले, मॉड्स व्हेस्पा-लॅम्ब्रेटावाले. आपल्याकडे व्हेस्पाच्या घराण्यातली बजाज ही मास्तर, कारकून, बँकवाले यांची सभ्य गाडी झाली, तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. हे त्या मॉड्सना सांगितलं असतं तर त्यांनी स्कूटर विकली असती. दुसरीकडे हॅकनी विकच्या चर्चमध्ये १९५९ साली निघालेल्या ‘फिफ्टी नाइन क्लब’ने याच रॉकर्सना जवळ केलं. बिल शेरगोल्ड नावाचा पाद्री स्वतः मोटारसायकल घेऊन एस कॅफेवर त्यांना बोलवायला गेला होता.

आता गाडीकडे येऊ. त्या काळचा आदर्श ‘ट्रायटन’ हा होता. नॉर्टनची ‘फेदरबेड’ चौकट वळणावर घट्ट धरून राही, ट्रायम्फचं जोड-सिलिंडर इंजिन ताकदीचं. पोरांनी एकाच्या सांगाड्यात दुसऱ्याचं काळीज बसवलं. कुठल्याही कारखान्यानं ही गाडी बनवली नव्हती, ती गॅरेजात जन्मली. बाकीचं काम मुख्यतः काढून टाकण्याचं. मागचं लांब मडगार्ड गेलं, कॅरिअर गेलं, दोघांची सीट जाऊन एकट्यापुरती, मागे कुबड असलेली सीट आली. उंच हँडल काढून फोर्कच्या नळ्यांना दोन छोटे दांडे आवळले, तेच क्लिप-ऑन. हात खाली गेले तसे पाय मागे घ्यावे लागले. म्हणून फुटरेस्ट मागे सरकवायचे आणि गिअर-ब्रेकच्या दांड्या नव्यानं जुळवायच्या. यामागे गणित आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो कापायला ताकद आठपट लागते. इंजिन आठपट करता येत नाही. अंग मात्र टाकीवर पाडता येतं.

हे वाचताना वऱ्हाडी माणसाला काही आठवायला हवं. बंडी ओझ्याची, रेंगी प्रवासाची, आणि शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, गाडी त्याहून हलकी: दोन चाकं, जू आणि वर जीव मुठीत धरलेला धुरकरी. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट अवघ्या विदर्भात नावाजलेला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं अशा शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. जोडी, गाडी, घड्याळ आणि बांधावरची गर्दी. गाडी हलकी केल्याशिवाय ती पळत नाही, हे आपल्याला नॉर्टननं शिकवलेलं नाही.

माझ्या काकांकडे राजदूत होती, १७५ सीसीची. दोन बाजूंना दुधाच्या कॅन, मागे ढेपेचं पोतं. तिचं कॅरिअर काढायचं मी एकदा नुसतं बोललो तर म्हणाले, “अबे, चांगली गाडी कायले कापून राह्यला? दूध काय डोक्यावर नेऊ?” त्यांचं बरोबर होतं. ज्या मुलखात दुचाकी हीच बंडी आहे, तिथे ओझं उतरवणं ही चैन आहे, आणि एका पिढीचं ओझं उतरल्यावरच पुढची पिढी ती करू शकते.

म्हणून आपल्याकडे कापल्या जातात त्या बहुधा घरात पडून असलेल्या गाड्या. बुलेट ३५०, जिची जुळणी मद्रासमध्ये १९५५ ला सुरू झाली. म्हैसूरची येझदी, जिचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. यामाहा आरएक्स १००, १९८५ ते १९९६. इंजिन अवघं ९८ सीसी, ताकद ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास, आणि म्हणूनच ती अजून पोरांच्या स्वप्नात येते. स्प्लेंडर सर्वांत स्वस्त पडते. पण तिचं सिलिंडर जवळजवळ आडवं झोपलेलं, त्यामुळे टाकीखाली पोकळी राहते आणि कितीही खर्च करा, गाडी उपाशी दिसते. बुलेट भरलेली दिसते, पळत नाही. दिसणं आणि पळणं यांतलं भांडण या छंदात कायमचंच. चांगला मिस्त्री आधी डोळ्यानं एक रेघ मारतो: टाकीचा तळ आणि सीटचा तळ एका सरळ रेषेत आला पाहिजे. ती रेघ तुटली की पुट्टी आणि रंग काहीच झाकत नाहीत.

या धंद्याला मराठी नावही आहे. मुंबईच्या अक्षय वर्दे यांनी ‘वर्देंची’ या आपल्या आडनावाच्याच छापानं गाड्या घडवल्या. पुण्यात ‘ऑटोलॉग डिझाइन’नं तयार सुटे संच विकायला काढले. कारखानेही मागे नाहीत. रॉयल एनफिल्डनं १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘कॉन्टिनेंटल जीटी’ काढली होती. २०१३ मध्ये तेच नाव ५३५ सीसीच्या भारतीय गाडीला दिलं आणि २०१८ मध्ये ६४८ सीसीचं, ४७ अश्वशक्तीचं जोड-सिलिंडर आलं. बीएसए आता महिंद्राच्या गोटात आहे, नॉर्टन एप्रिल २०२० मध्ये टीव्हीएसनं घेतली आणि ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात. एस कॅफेपुढे उभी असलेली बरीच नावं आज चेन्नई, होसूर, मुंबई, चाकण अशा पत्त्यांवर सापडतात.

अडचण कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात असली तरच. कापलेली त्यात बसत नाही. पोलिसांचं लक्ष मात्र सायलेन्सरवर असतं. फटाके फोडणाऱ्या बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोलर फिरवल्याची छायाचित्रं आपण पेपरात पाहतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. तो आवाज कॅफे रेसरचा नव्हेच. ज्याची गाडी खरंच पळते त्याला फटाका लागत नाही. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण येतं, म्हणून शहाणा मालक मूळ मडगार्ड, सीट, हँडल पोत्यात बांधून माळ्यावर ठेवतो.

या मंडळींचे मेळावे मोठ्या शहरांत होतात. सिडनीत २०१२ मध्ये सुरू झालेली ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’ मुंबई-पुण्यातही निघते: सूट-टाय, जुन्या धाटणीच्या गाड्या, पुरुषांच्या आरोग्यासाठी निधी. वऱ्हाडात टाय चालणार नाही आणि लेदर जॅकेटही नाही. घालून मे महिन्यात अकोल्याला जाऊन दाखवा. इथे हेल्मेटच्या आत ओला दुपट्टा.

रस्ता मात्र आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घालून गिनेस विक्रम झाला. समृद्धी महामार्ग त्या दुसऱ्या नांदगावच्या, खंडेश्वरच्या तालुक्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी. तेव्हा उरतो जुना महामार्ग, आणि त्याहून चांगला परतवाड्याकडून चिखलदऱ्याचा घाट. सरळ रस्त्यावर मनगटं दुखवणारं ते खालचं हँडल घाटाच्या वळणात पहिल्यांदा शहाणं वाटतं. वर अकराशे मीटरवर, महाराष्ट्रात जिथे कॉफी पिकते त्या गावात, गाड्या ओळीनं लागतात, इंजिनं टिकटिक करत निवतात, आणि टपरीवर बहुतेक जण चहाच मागतात.