विटांच्या आत लपलेला किल्ला

सन १६५२. पॅरिसमध्ये बॅस्टिलच्या किल्ल्यावरून राजाच्या सैन्यावर तोफा धडाडल्या. राजा चौदावा लुई तेव्हा अवघा तेरा वर्षांचा, आणि तोफा डागायला लावल्या कुणी? त्याच्याच सख्ख्या चुलत बहिणीनं! तिचं नाव आन मारी लुईज, वय २५. सरदारांच्या बंडात ती बंडखोरांना मिळाली होती. बंड फसलं आणि तिला पॅरिस सोडावं लागलं.

बरगंडीतल्या सँ-फार्जो गावी तिचा किल्ला होता. तिथं ती पोचली मध्यरात्री दोनला. बघते तर काय, पूल मोडलेला, दारं-खिडक्या गायब, अंगणात गुडघाभर गवत! बिचारी रडलीच. पण खरी जिद्दीची. फ्रांस्वा ल व्हो या वास्तुकाराला बोलावून तिनं किल्ला आतून नवा करून घेतला आणि तिथंच आपल्या आठवणी लिहायला घेतल्या.

पुढं किल्ल्याचे मालक बदलत गेले. १९७९ मध्ये मिशेल गियो आणि त्यांच्या भावानं तो विकत घेतला. १९९५ मध्ये जाणकारांनी भिंती तपासल्या, तेव्हा लाल विटांच्या आड चक्क एक जुना दगडी किल्ला सापडला! तो कसा बांधला असेल? गियोंनी ठरवलं, बांधूनच बघू.

१९९७ मध्ये जवळच्या जंगलात गेदलों नावाच्या किल्ल्याचं काम सुरू झालं. नवा किल्ला, पण रीत तेराव्या शतकातली. दगड तिथल्याच खाणीतला, लाकूड तिथल्याच रानातलं. मोठ्या लाकडी चाकात माणूस चालतो, चाक फिरतं, दोर गुंडाळला जातो आणि जडच्या जड दगड वर चढतो. किल्ल्याला मालकही हवा ना? म्हणून गिल्बेर नावाचा एक काल्पनिक सरदार ठरवला. तो फार श्रीमंत नाही, त्यामुळं उगाच थाटमाट करायचा नाही!

मला सगळ्यात आवडते ती तिथली गाठींची दोरी. सारख्या अंतरावर १३ गाठी, म्हणजे मध्ये १२ भाग. पहिली आणि तेरावी गाठ एकत्र धरा. चौथी आणि आठवी गाठ धरून दोरी ताणा. बाजू होतील ३, ४ आणि ५ भागांच्या, आणि चौथ्या गाठीपाशी पक्का काटकोन! घरी सुतळी असेल, तर आजच करून बघा आणि खोलीचा एखादा कोपरा तपासा.