खेळ कच्चा, गल्ला पक्का!

'सायबरपंक २०७७' या पोलंडच्या व्हिडिओ गेमला समीक्षकांनी भरभरून गुण दिले. गिऱ्हाइकांनी महिनोन्‌महिने आधी पैसे मोजले. आणि बाजारात आल्यावर आठवडाभरातच 'सोनी'सारख्या बड्या दुकानदारानं तो आपल्या फळीवरून खाली उतरवला! तरीही या गेमच्या कोट्यवधी प्रती खपल्या. हे घडलं कसं? आणि मुलांच्या हट्टापायी पाकिटात हात घालणाऱ्या आई-बाबांनी यातून काय शिकायचं?

आंबा घेताना आपण तो नाकाशी धरतो. साडी घेताना पदर उलगडून बघतो. भांडं घेताना त्यावर टिचकी मारतो. पण व्हिडिओ गेमच्या दुनियेत उलटीच रीत पडली आहे. माल तयार होण्याआधीच पैसे मोजायचे! याला 'प्री-ऑर्डर' म्हणतात. गिऱ्हाईक जाहिरात बघतं, भुलतं, पैसे भरतं आणि मग वाट बघत बसतं. या रीतीचा सगळ्यात मोठा दणका गिऱ्हाइकांना बसला, तो डिसेंबर २०२० मध्ये.

१० डिसेंबर २०२०. करोनानं जगाला घरात कोंडलेलं. बाहेर फिरायला बंदी, म्हणून माणसं पडद्यावरच्या शहरात फिरायला आसुसलेली. त्या दिवशी 'सायबरपंक २०७७' बाजारात आला. तोपर्यंत ८० लाख लोकांनी त्याचे पैसे आधीच भरले होते. खेळ बनवण्याचा आणि त्याच्या जाहिरातीचा सारा खर्च या आगाऊ नोंदणीतूनच वसूल झाला होता. 'स्टीम' या ऑनलाइन दुकानाच्या एकट्याच्या गिऱ्हाइकांपैकी दहा लाखांहून अधिक जण त्या दिवशी एकाच वेळी हा खेळ खेळत होते!

बाजारातल्या पोरांची कंपनी

लोकांनी एवढा विश्वास का टाकला? त्यासाठी थोडं मागं जायला हवं.

पोलंडमधली साम्यवादी राजवट १९८९ मध्ये संपली. दुकानं उघडली, परदेशी माल येऊ लागला. वॉर्सा शहरातले मार्चिन इविन्स्की आणि मिहाऊ किचिन्स्की हे दोघे शाळासोबती. कॉम्प्युटरच्या बाजारात ते परदेशी गेमच्या सीडी विकायचे. १९९४ मध्ये त्यांनी 'सीडी प्रोजेक्ट' ही कंपनी काढली. त्या काळी तिथे चोरट्या प्रतींचा सुळसुळाट होता. अस्सल माल महाग, नक्कल स्वस्त. मग अस्सल कोण घेणार? या दोघांनी युक्ती केली. 'बाल्डर्स गेट' हा परदेशी गेम त्यांनी नामवंत नटांच्या आवाजात पोलिश भाषेत आणला आणि खोक्यात सीडींबरोबर नकाशा आणि इतर वस्तूही घातल्या. लोकांनी पदरचे पैसे टाकून अस्सल खोका घेतला. 'गिऱ्हाइकाला मान द्या, गिऱ्हाईक पैसे देईल', हा धडा तिथे गिरवला गेला.

पुढं त्यांनी स्वतःचे गेम काढले. आंद्रझेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांमधला राक्षस मारणारा नायक घेऊन 'द विचर' ही मालिका आली. २०११ मध्ये पोलंडचे तेव्हाचे पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांना भेट दिली, तीत या मालिकेतला दुसरा गेमही होता. देशाचा मानबिंदूच म्हणा ना! २०१५ चा 'द विचर ३' तर त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम ठरला. अशी पुण्याई गाठीशी असताना 'सायबरपंक' येणार म्हटल्यावर लोकांनी डोळे मिटून पैसे भरले, यात नवल ते काय?

आठ वर्षांची हवा

'सायबरपंक'ची घोषणा झाली २०१२ मध्ये. माइक पाँडस्मिथ यांच्या १९८८ मधल्या बैठ्या खेळावर तो बेतलेला. भविष्यातलं एक झगमगतं, बेबंद शहर. तिथली माणसं अंगात यंत्रं बसवून घेतात, पैशासाठी जिवावर उदार होतात. जून २०१९ मध्ये लॉस एंजलिसच्या गेम-मेळ्यात हॉलिवूडचा नट किआनू रीव्हज स्वतः रंगमंचावर आला. 'यात मीही आहे' हे त्यानं सांगितलं आणि तारीखही जाहीर केली. प्रेक्षक बेभान झाले.

तारीख होती १६ एप्रिल २०२०. ती हुकली. मग सप्टेंबर, मग नोव्हेंबर, मग डिसेंबर. तीनदा मुहूर्त टळला. 'कर्मचाऱ्यांवर जादा कामाची सक्ती करणार नाही' असं कंपनी आधी सांगत होती, पण २०२० च्या शरद ऋतूत आठवड्याचे सहा दिवस काम सक्तीचं झालं. घरात लग्नाची तारीख ठरलेली आणि मांडव अर्धाच उभा असावा, तशी ही गत!

समीक्षकांनी पाहिलं काय?

आता मुख्य मुद्दा. खेळ दोन तऱ्हांनी खेळता येतो. एक, घरच्या ताकदवान कॉम्प्युटरवर. दोन, टीव्हीला जोडायच्या 'कन्सोल'वर. सोनीचा 'प्लेस्टेशन ४' आणि मायक्रोसॉफ्टचा 'एक्सबॉक्स वन' हे दोन कन्सोल २०१३ मध्ये आलेले. २०२० पर्यंत ते जुने झाले होते, पण कोट्यवधी घरांत तेच होते. त्यांच्यासाठीही हा गेम विकला जाणार होता.

समीक्षणं छापून आली ७ डिसेंबरला, म्हणजे विक्रीच्या तीन दिवस आधी. कंपनीनं समीक्षकांना प्रत दिली ती फक्त कॉम्प्युटरची. जुन्या कन्सोलवर खेळ कसा चालतो, हे त्यांना दाखवलंच नाही. चित्रफीत दाखवायची तर कंपनीनंच दिलेली दाखवायची, अशीही अट सुरुवातीला होती. बहुतेक समीक्षकांना खेळ आवडला. त्यात चुका आहेत, पण शहर आणि कथा अफलातून आहे, असा एकूण सूर. समीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या 'मेटाक्रिटिक' या संकेतस्थळावर पहिल्या दिवसांत नव्वदीचा आकडा झळकला.

झालं! लोकांनी आकडा पाहिला. तो कोणत्या यंत्रावरचा, हे पाहिलं नाही.

आणि १० तारखेला जुन्या कन्सोलवाल्यांनी गेम सुरू केला. चित्र अडखळायला लागलं. चेहरे धूसर. गाड्या हवेतून टपकतायत, माणसं हात पसरून पुतळ्यासारखी उभी आहेत, मध्येच सारा खेळ बंद पडतोय! लोकांनी या गमतीच्या चित्रफिती जगभर पसरवल्या. मागाहून कन्सोलची समीक्षणं आली, तेव्हा 'प्लेस्टेशन ४'च्या आवृत्तीला सरासरी मिळाली ५७. कॉम्प्युटरच्या आवृत्तीची सरासरी ८६ वर स्थिरावली. नाव एकच, जाहिरात एकच, माल मात्र दोन तऱ्हेचा!

एक गोष्ट तर हसण्यावारी नेण्यासारखी नव्हतीच. खेळातल्या एका प्रसंगात दिव्यांची वेगवान उघडझाप होती. ती पाहताना एका अमेरिकन महिला समीक्षकाला फिट आली. तिनं खेळ बाजारात येण्याआधीच तसं लिहून लोकांना सावध केलं. मग कंपनीनं आधी इशारा घातला आणि नंतर तो प्रसंग बदलला. समीक्षेचं खरं काम काय असतं, ते या एका लेखानं दाखवून दिलं. गुणांच्या आकड्यात मात्र असला इशारा मावत नाही.

माफी, परतावा आणि तरीही विक्रम

१४ डिसेंबरला कंपनीनं माफी मागितली. खेळ जुन्या कन्सोलवर आधी दाखवायला हवा होता, हे कबूल केलं. नको असेल तर पैसे परत मागा, म्हणाली. पण पैसे मागायचे कुणाकडं? ते तर दुकानदाराकडं जमा! उतरवून घेतलेल्या गेमचे पैसे परत न देणं, हा सोनीच्या ऑनलाइन दुकानाचा एरवीचा शिरस्ता. गिऱ्हाईक दोघांच्या दारात हेलपाटे घालू लागलं. अखेर १७ डिसेंबरला सोनीनं पैसे परत द्यायचं ठरवलं आणि गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढूनच टाकला. एवढ्या गाजलेल्या गेमच्या वाट्याला अशी नामुष्की क्वचितच आली असेल. तो तिथे परत आला थेट २१ जून २०२१ ला.

वॉर्साच्या शेअर बाजारात कंपनीचा भाव दोन आठवड्यांत एक तृतीयांशाहून अधिक घसरला. अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांनी कोर्टात खेचलं. ते प्रकरण पुढं १८ लाख ५० हजार डॉलरवर मिटलं.

आणि खप? २० डिसेंबरपर्यंत, म्हणजे पहिल्या दहा दिवसांत, १ कोटी ३० लाख प्रती! तेही परत आलेल्या प्रती वजा करून. कंपनीनं स्वतः थेट परतावा दिला तो सुमारे ३० हजार प्रतींचा. एवढ्या मोठ्या विक्रीपुढं हा आकडा म्हणजे दर्यामे खसखस!

म्हणून 'इतका खपला म्हणजे चांगलाच असणार' या हिशेबात खोट आहे. पहिल्या दिवसांचा खप सांगतो, किती जणांनी विश्वास ठेवला. तो विश्वास सार्थ ठरला का, हे त्यातून कळत नाही.

डाग धुतला, पण कुणासाठी?

कंपनीनं हात झटकले नाहीत, हे मात्र खरं. पुढची तीन वर्षं ती दुरुस्त्या करत राहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये नव्या कन्सोलसाठी सुधारलेली आवृत्ती आली. सप्टेंबर २०२२ मध्ये याच शहरावरची 'एजरनर्स' ही जपानी कार्टून मालिका नेटफ्लिक्सवर गाजली आणि लोक पुन्हा गेमकडं वळले. सप्टेंबर २०२३ मध्ये खेळाची घडीच नव्यानं बसवली गेली आणि 'फँटम लिबर्टी' हा पुढचा भाग आला. समीक्षकांनी त्याचं कौतुक केलं, ते या वेळी गिऱ्हाइकांनाही पटलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मूळ गेमचा एकूण खप ३ कोटींच्या पुढं गेल्याचं कंपनीनं जाहीर केलं.

गोष्ट गोड झाली, असं म्हणावं तर एक खडा दाताखाली येतोच. ही नवी घडी आणि 'फँटम लिबर्टी' फक्त कॉम्प्युटर आणि नव्या कन्सोलसाठी होती. 'प्लेस्टेशन ४' आणि 'एक्सबॉक्स वन'साठी नव्हे! ज्यांनी सगळ्यात जास्त मनस्ताप सोसला, त्यांच्या पदरात सगळ्यात कमी पडलं. सुधारलेला खेळ हवा तर आधी नवं यंत्र घ्या! जे २०२० मध्ये थांबले, त्यांना तोच गेम पुढं कमी किमतीत आणि धड चालणारा मिळाला. जे सर्वांत आधी धावले, त्यांनी पूर्ण किंमत मोजून कंपनीची चाचणी फुकटात करून दिली.

पैसे मोजण्याआधी...

● आगाऊ नोंदणी टाळा. ऑनलाइन गेमची प्रत संपत नाही. दोन आठवडे थांबल्यानं मुलांचं काही बिघडत नाही.

● गुणांचा आकडा नव्हे, समीक्षण वाचा. ज्या यंत्रावर तुमच्या घरी गेम खेळला जाणार, त्याच यंत्रावरचं वाचा. त्या यंत्रावरचं समीक्षणच कुठं दिसत नसेल, तर तोच धोक्याचा कंदील समजा.

● पैसे परत मिळण्याचे नियम आधी पाहा. ते प्रत्येक दुकानाचे वेगळे असतात.

● वयाचा शिक्का बघा. 'सायबरपंक' युरोपातल्या मानांकनानुसार १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. त्यात हिंसा आणि कामुक दृश्यं आहेत. 'व्हिडिओ गेम म्हणजे पोरांचा खेळ' या समजात राहू नका.

● घरात कुणाला फिट येत असेल, तर गेमच्या सुरुवातीचा इशारा वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका आणि डॉक्टरांचा सल्ला घ्या.

मुलगा किंवा मुलगी 'सगळ्यांकडे आहे' म्हणून हट्ट धरेल, तेव्हा नुसतं 'नाही' म्हणू नका. दोघं मिळून समीक्षण वाचा, खेळणाऱ्यांची मतं पाहा, किंमत उतरते का ते बघा. गेमपेक्षा ही सवय जास्त वर्षं उपयोगी पडेल. वस्तू पारखून घ्यायची, हे आपल्याकडं भाजीबाजारातच शिकवलं जातं. पडद्यावरच्या बाजारालाही तोच नियम लावायचा, एवढंच!