फारकत होताना राहत्या घराचे काय करावे?

नवरा-बायकोचे पटेनासे झाले, फारकत घ्यायची ठरली, की बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो, "खोलीचे काय?" दिवसा कचेरीत हिशेबाची कामे आणि संध्याकाळी वस्तीतल्या अशा बैठका, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. मुलांचा ताबा आणि पोटगी यांवर तास-दोन तास बोलणे होते. खोलीचा निकाल मात्र रागाच्या भरात पाच मिनिटांत लागतो. "विका, अर्धे-अर्धे वाटा, म्हणजे मिटले!" खरोखर मिटते का, हे वाचक बंधू-भगिनींनी कागदावर आकडे मांडून पाहावे, म्हणून हा लेख.

आधी कागद पाहा

घटस्फोटात बायकोला घराचा अर्धा हिस्सा आपोआप मिळतो, असा पुष्कळांचा समज आहे. गोव्यात जुन्या पोर्तुगीज कायद्यामुळे निराळी रीत आहे. महाराष्ट्रात तसे नाही. बौद्धांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अशी अर्ध्या वाटणीची तरतूद नाही. येथे घर कोणाच्या नावावर आहे, हे प्रथम पाहिले जाते. दोघांची नावे असतील, तर दोघांच्या सह्यांशिवाय सगळे घर विकता येत नाही.

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घर नियमाने नवरा-बायको दोघांच्या मालकीचे असते. सोसायटीच्या दप्तरात दोघांची नोंद आहे ना, हे भगिनींनी स्वतः जाऊन पाहावे. अशी घरे ठराविक मुदत संपेपर्यंत विकताही येत नाहीत. म्हणून ताबापत्राची तारीख बघून प्राधिकरणाच्या कचेरीत चौकशी करावी. परस्पर साध्या कागदावर विकले, तर घरही अडकते आणि पैसाही.

घर नवऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर असले, तरी बाईने हातपाय गाळू नयेत. छळ करून घराबाहेर काढले जात असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी हा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र हा राहण्याचा हक्क आहे, त्याने मालकी मिळत नाही. दागिने मोडून किंवा भिशी उचलून घरात पैसे घातले असतील, तर त्याच्या पावत्या आणि पासबुक जपून ठेवावे.

मग आकडे मांडा

समजा, खोली ३० लाखांना गेली. बँकेचे कर्ज ७ लाख बाकी. सोसायटीची थकबाकी, दलाली आणि वकील मिळून १ लाख. उरले २२ लाख, म्हणजे प्रत्येकी ११ लाख. एवढ्यात त्याच वस्तीत दुसरी खोली येत नाही. ही रक्कम बँकेत सात टक्क्यांनी ठेवली, तर महिन्याला सुमारे ६,४०० रुपये व्याज येईल. भाडे १२,००० असेल, तर ५,६०० रुपये दर महिन्याला पगारातून घालावे लागतील. शिवाय अनामत, दर अकरा महिन्यांनी नवा करार आणि मुलांची शाळा बदलण्याची धास्ती. एक घर विकून दोन भाडेकरू तयार होतात, ते असे.

आता उलट बाजू पाहा. घर ठेवले. बँकेचा हप्ता ९,००० आणि सोसायटीचा खर्च १,५००. बाईचा पगार १६,००० असेल, तर हाती ५,५०० उरतात. पोटगी वेळेवर आली नाही, तर हप्ते थकतात आणि बँकेची नोटीस दारावर येते. कर्जावर दोघांची सही असेल, तर फारकत झाली तरी बँक दोघांनाही धरते. हप्ता आणि सोसायटीचा खर्च मिळून खात्रीच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्यात बसत असेल तरच घर ठेवावे, असे आमचे मत आहे. ओढाताण करून गमावण्यापेक्षा चांगला भाव बघून विकलेले बरे.

मधला मार्ग

विकणे आणि ठेवणे यांच्यामध्येही वाटा आहेत. आमच्यासमोर आलेल्या एका जोडप्याची मुलगी दहावीत होती. दोघांनी ठरवले की मुलगी बारावी होईपर्यंत आई आणि मुलगी तेथेच राहतील. हप्ता वडील भरतील, सोसायटीचा खर्च आई देईल. त्यानंतर घर विकून, भरलेले हप्ते वजा करून वाटणी होईल. तारीख, रक्कम आणि हप्ता चुकल्यास काय, हे सारे लिहून घेतले. मुलीचे वर्ष वाया गेले नाही आणि बापाचा हिस्साही बुडाला नाही.

दुसरी वाट, एकाने दुसऱ्याचा हिस्सा घेणे. नवरा आपला हिस्सा मोबदला न घेता बायकोला देणार असेल, तर ते काम फारकतीचा हुकूम होण्याआधी करावे. महाराष्ट्रात राहते घर पती-पत्नीला बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार लागतो. नाते संपल्यावर ही सवलत राहत नाही.

काहीजण म्हणतात, "मुलाच्या नावावर करू." भावना चांगली आहे. पण अज्ञान मुलाच्या नावावरील घर पुढे अडचणीच्या वेळी कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

नोटरीच्या कागदावर विसंबू नका

स्टॅम्प पेपरवर पंचांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का म्हणजे फारकत झाली, असे आजही समजले जाते. अशा कागदाने ना लग्न सुटत, ना घराची मालकी बदलत. परस्पर संमतीच्या अर्जात घराविषयीच्या अटी सविस्तर लिहाव्यात, त्या हुकुमात घ्याव्यात आणि हिस्सा दुसऱ्याच्या नावे करायचा असेल, तर दस्त नोंदवावा. संमतीच्या अर्जात सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणी ती मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे. तोवरचा काळ हिशेबासाठी वापरावा.

वकिलाची फी नाही म्हणून कोणी मिळेल त्या कागदावर सही करू नये. १९८७ च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, मग तो पुरुष का असेना, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले आहे. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारात करता येतो.

घटस्फोट आणि स्त्रीचा मालमत्तेचा हक्क या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात एकत्र मांडल्या होत्या. ते बिल रखडले, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. डोक्यावर छप्पर नसेल, तर नुसत्या सुटकेने बाईचे पोट भरत नाही आणि मुलांचा अभ्यास होत नाही. म्हणून बैठकीला जाताना घराची कागदपत्रे, कर्जाचा उतारा आणि एक कोरी वही बरोबर न्यावी. आकडे दोघांच्या समोर मांडावेत आणि सही त्यानंतर करावी.