पिळावर उभी गाडी

दिल्लीतलं आर. के. पुरम ही बदल्यांची वस्ती. सामान ट्रकमधून येतं, काही वर्षांनी ट्रकमधूनच जातं, आणि क्वार्टरखालच्या गाड्यांच्या पाट्यांवर अख्खा देश वाचता येतो. तिथे एकदा एमएच-15 दिसली. नाशिकची जुनी थार, मागून ताठ, पुढून नाक खाली. मालक तरुण होता. मराठी कानावर पडताच म्हणाला, "काका, पुढून दोन इंच उचलून घेतोय. मिस्त्री म्हणतो, दोन बोल्ट आवळायचे, अर्ध्या तासाचं काम."

काम खरंच अर्ध्या तासाचं आहे. घोटाळा तिथेच होतो.

2010 साली आलेल्या या थारला मागे कमानपाटे आहेत. पुढे मात्र ना पाटे, ना कॉइल. तिथे चेसिसच्या कडेने मागे जाणारे दोन पोलादी दांडे असतात, ते टॉर्शन बार. दोघींनी ओली गोधडी पिळताना आठवा: एकीने टोक घट्ट धरायचं, दुसरीने पीळ द्यायचा. इथे मागचं टोक चेसिसने धरलेलं असतं आणि पुढचं टोक चाकाच्या आर्ममध्ये बसवलेलं. चाक खड्ड्यातून वर आलं की आर्म फिरतो, दांडा पिळला जातो आणि लगेच उलटा फिरून चाक खाली दाबतो. स्प्रिंग म्हणून एवढंच. जागा कमी खाते, शिवाय उंची जुळवायची सोय आयतीच मिळते.

कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी 1931 मध्ये तिचं पेटंट घेतलं, 1934 च्या सित्रोएन ट्रॅक्शन अव्हाँला हेच दांडे होते. सव्वीस जानेवारीला कर्तव्य पथावरून जाणारा टी-90 रणगाडाही टॉर्शन बारवरच डुलत जातो. आणि आर. के. पुरमच्या सरकारी कचेऱ्यांसमोर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या पांढऱ्या अँबॅसिडर? मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली ही गाडी 1957 पासून 2014 पर्यंत बनली. पुढच्या चाकांना टॉर्शन बार हा तिचा वारसा. मागच्या सीटवर फाइल चाळणाऱ्या साहेबांना कल्पनाही नसेल की आपण पिळलेल्या लोखंडाच्या भरवशावर चाललो आहोत.

आता बोल्टकडे येऊ. दांड्याच्या मागच्या टोकाला एक छोटा आर्म असतो, त्याला हा बोल्ट टेकलेला. बोल्ट आवळला की ते टोक थोडं फिरतं, पुढचा आर्म खाली ढकलला जातो आणि गाडी वर येते. लोकांना वाटतं, स्प्रिंग कडक झाली. नाही. दांड्याचा कडकपणा ठरतो लांबीवर आणि जाडीवर. जाडी तर चौथ्या घाताने मोजायची: वीस मिलिमीटरच्या जागी बावीसचा, तेवढ्याच लांबीचा दांडा घातला तर कडकपणा सुमारे 46 टक्के वाढतो. बोल्टने जाडी वाढत नाही, त्याने फक्त सुरुवातीची जागा बदलते.

उंची मिळते ती चाकाच्या खाली जाण्याच्या वाटणीतून. वर उचललेल्या गाडीचा आर्म आधीच खाली झुकलेला असतो. खड्डा आला की चाकाला आणखी खाली जायला जागा उरत नाही, आर्म रबरी स्टॉपवर आपटतो आणि "गाडी कडक झाली" असं वाटतं. बॉल जॉइंट तिरपे राहतात. फोर बाय फोरमध्ये पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे जास्त कोनात फिरतात, त्यांची रबरी बुटं आधी फाटतात. कँबर (चाकाचा झुकाव) आणि टो (चाकाची दिशा) बिघडल्याने टायर एका कडेने झिजतो, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

मग बोल्ट दिलाय तरी कशाला? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पोलाद न जळताच वर्षानुवर्षांच्या ओझ्याने थोडं बसतं. बसलेली उंची परत आणायला हा बोल्ट आहे. नवी उंची विकत घ्यायला नव्हे, असं माझं मत. या दांड्यांना कारखान्यातच एका दिशेने पीळ देऊन मुरवलेलं असतं, म्हणून डावा-उजवा अदलाबदल चालत नाही.

मिस्त्री मात्र जाणता निघाला. सपाट जागा पाहून त्याने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं आणि खडूने टायरवरच लिहिलं. चेसिसखाली जॅक लावून चाकं लोंबती केली, कारण भाराखाली बोल्ट फिरवला तर आटे जातात. मग त्याने पुढच्या जाड लोखंडी बंपरला बोटाने टकटक केलं. आधीच्या मालकाने हौसेने बसवलेला. "नाक यानेच खाली आलंय," तो हिंदीत म्हणाला.

बंपर उतरला. उरलेलं पाऊण इंच बोल्टने घेतलं. चार-पाच किलोमीटरचा फेरा मारून परत मोजलं, तर उजवी बाजू अजून जरा खाली. तिकडे ड्रायव्हर बसतो ना. मिस्त्रीने अर्धा आटा आणखी दिला आणि पोराला अलाइनमेंटच्या दुकानाकडे पिटाळलं.