काळ्या मोहऱ्यांचा डाव

बुद्धिबळात पहिली खेळी नेहमी पांढऱ्याची. काळे मोहरे वाट्याला आले की आरंभी तरी समोरच्याच्या खेळीला उत्तर देत बसावे लागते. म्हणून मोठ्या सामन्यात काळ्याने बरोबरी साधली तरी तो समाधानाने उठतो. पण जगज्जेतेपदाचे दोन डाव या नियमाला अपवाद ठरले.

१९८५ साली मॉस्कोत शेवटच्या, चोविसाव्या डावात जगज्जेत्या कार्पोव्हला जिंकणे भागच होते. काळे मोहरे घेऊन बसलेल्या बावीस वर्षांच्या कास्पारोव्हने तो डाव जिंकला, आणि इतक्या लहान वयात जगज्जेता होण्याचा विक्रम केला.

तो विक्रम मोडला तोही काळ्याच मोहऱ्यांनी! १२ डिसेंबर २०२४. सिंगापूर. चीनचा जगज्जेता डिंग लिरेन आणि चेन्नईचा अठरा वर्षांचा दोम्माराजू गुकेश यांचे तेरा डाव संपून दोघांचे साडेसहा साडेसहा गुण झालेले. चौदावा डाव अखेरचा. तो बरोबरीत सुटता तर दुसऱ्या दिवशी जलद डावांवर निकाल लागायचा.

आणि डाव बरोबरीकडेच चालला होता. दोघांजवळ एकेक हत्ती, एकेक उंट आणि थोडी प्यादी. गुकेशचे एक प्यादे काय ते अधिक. दुसरा एखादा हात मिळवून मोकळा झाला असता. गुकेश मात्र खेळत राहिला. पंचावन्नाव्या खेळीला थकलेल्या डिंगने हत्ती नको त्या घरी नेला. गुकेशने हत्तीला हत्ती मारला. डिंगचा उंट पटाच्या कोपऱ्यात बसलेला, त्याला उंटाची मारामारीही चुकवता येईना. पटावर उरले दोन राजे आणि प्यादी. आता ते अधिकचे एक प्यादेच वजिराइतके मोलाचे झाले! अठ्ठावन्नाव्या खेळीनंतर डिंगने हार मान्य केली.

गुकेशला रडू आवरेना. तशा ओल्या डोळ्यांनीच त्याने पटावरचे मोहरे पुन्हा आपापल्या घरी नीट मांडून ठेवले. पुढे पत्रकारांसमोर त्याने आधी गौरव केला तो हरलेल्या डिंगचा.

आपल्या घराघरांतून मुलांना पहिला नंबर आणण्याचे धडे मिळतात. पहिली खेळी आपली नसताना, हातात एकच प्यादे अधिक असताना, शांतपणे बसून राहण्याचा धडा मात्र कोण देतो? आणि जिंकल्यावर पट आवरून ठेवण्याचा?