बेलाडोना आणि मुलांचा घसा

पावसाळा लागला कीं वर्गावर्गांतून घसे धरूं लागतात. कोणाचा आवाज बसतो, कोणास आवंढा गिळवत नाहीं, कोणास ताप भरतो. अशा वेळीं अनेक घरांत कपाटांतून एक लहानशी बाटली निघते व साबुदाण्यासारख्या चार गोड गोळ्या मुलाच्या जिभेवर ठेवल्या जातात. बाटलीवर लिहिलेलें असतें, ‘बेलाडोना ३०’. मुलें हें औषध आनंदानें घेतात. परंतु तें आहे तरी काय, व त्यावर कितपत विसंबावें, ह्याचा विचार क्वचितच होतो. तोच येथें थोडक्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बेलाडोना ही मूळची युरोपाकडील एक विषारी वनस्पति. आपल्याकडील वांगें, मिरची व धोत्रा ह्यांच्याच कुळांत तिची गणना होते. तिच्यांतील ॲट्रोपीन हें द्रव्य धोत्र्यांतही सांपडतें. तिचीं काळीं, तुकतुकीत फळें कोणीं खाल्लीं तर तोंड व घसा कोरडा पडतो, चेहरा लाल होतो, अंग तापतें, डोळ्यांच्या बाहुल्या विस्तारतात व मनुष्य बरळूं लागतो.

जर्मनींतील डॉ. सॅम्युएल हानेमान (१७५५–१८४३) ह्यांचें मत असें होतें कीं, निरोगी मनुष्यांत जें द्रव्य जीं लक्षणें उत्पन्न करितें, तेंच अत्यल्प प्रमाणांत दिल्यास तशाच लक्षणांचा रोग बरा करितें. ‘समः समं शमयति’ हें सूत्र तें हेंच. लोहितांग ज्वरांत घसा लाल होतो, अंगावर लाली येते व ताप चढतो. बेलाडोनाच्या विषबाधेशीं हें साम्य पाहून त्यांनीं ह्या ज्वरावर बेलाडोना योजिला व १८०१ सालीं त्याविषयीं पुस्तिका प्रसिद्ध केली. त्या काळीं इतर वैद्य रोग्याचें रक्त काढीत व पाऱ्याचीं तीव्र औषधें देत. त्यापुढें ही सौम्य पद्धति लोकांस सुखाची वाटली, ह्यांत नवल नाहीं. आपल्या देशांतही तिचा प्रसार झाला. मंगळूर येथें फादर मुल्लर ह्या जेज्वीत धर्मगुरूंनीं १८८० सालीं गरिबांसाठीं होमिओपॅथीचा दवाखाना काढला, त्यामागील करुणा वंदनीयच होय.

आतां ‘३०’ ह्या अंकाकडे पाहूं. मूळ अर्काचा एक भाग नव्याण्णव भाग मद्यार्कांत मिसळावयाचा, ही पहिली पायरी. त्या मिश्रणाचा एक भाग पुन्हां नव्याण्णव भागांत, ही दुसरी. तिसऱ्या पायरीस दहा लक्षांत एक भाग उरतो. तिसाव्या पायरीस हें प्रमाण एकावर साठ शून्यें इतक्या भागांत एक असें होतें. रसायनशास्त्र सांगतें कीं, १२ ग्रॅम शुद्ध कर्बांत सुमारें सहावर तेवीस शून्यें इतके अणु असतात. म्हणजे बाराव्या पायरीच्या सुमारासच मूळ द्रव्याचा एखादा रेणु उरण्याचा संभव संपत येतो. पुढील अठरा पायऱ्यांत मद्यार्कांत मद्यार्क मिसळला जातो, इतकेंच. रेणूंच्या संख्येचा पहिला अंदाज १८६५ सालीं झाला. हानेमान तत्पूर्वींच निवर्तले होते. त्यांस जें ठाऊक नव्हतें तें आपणांस ठाऊक आहे.

मग गोळ्यांनीं घसा बरा होतो तो कसा? बहुतेक घसादुखी विषाणूंमुळें होते व आठवड्याभरांत आपोआप बरी होते. गोळ्या न दिल्या तरी ती बरी झालीच असती. यश मात्र गोळ्यांच्या पदरीं पडतें. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन मंडळानें अनेक प्रयोगांची छाननी करून २०१५ सालीं असा निष्कर्ष काढिला कीं, कोणत्याही विकारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा विश्वसनीय पुरावा नाहीं.

गोळ्या गोड आहेत, अपाय तरी काय, असें कोणी विचारील. अपाय गोळ्यांत नाहीं, गेलेल्या दिवसांत आहे. दुखऱ्या घशाच्या दहा मुलांपैकीं सुमारें दोन-तीन मुलांस स्ट्रेप्टोकॉकस नामक जंतूंची बाधा असते. लोहितांग ज्वरही ह्याच जंतूंचा. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनीं ह्यांपैकीं कांहीं मुलांचे सांधे सुजतात व हृदयाच्या झडपांस कायमची इजा पोहोंचूं शकते. पांच ते पंधरा हें वय ह्या संकटाचें मुख्य वय. म्हणजे आमच्या वाचकांचेंच! वैद्याच्या सल्ल्यानें पेनिसिलीन पहिल्या नऊ दिवसांच्या आंत सुरू करून पुरतें घेतलें, तर हें संकट बहुधा टळतें.

म्हणून पालकांस विनंति कीं, नाक वाहत असेल, खोकला असेल, तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या व विश्रांति बहुधा पुरे. परंतु सर्दी-खोकला नसतां एकाएकीं ताप येऊन घसा दुखूं लागला, त्यावर पांढरे ठिपके दिसले, मानेच्या गांठी सुजल्या, तर मुलास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें. श्वास घेतांना आवाज होऊं लागला किंवा लाळही गिळवेनाशी झाली, तर तत्काळ इस्पितळ गांठावें. घशांत करडा पापुद्रा दिसल्यास तो घटसर्प असूं शकतो. त्याच्या प्रतिबंधासाठीं दहाव्या व सोळाव्या वर्षींही लस टोंचून घ्यावयाची असते, हें विसरूं नये.

आणि विद्यार्थिमित्रहो, घसा दुखत असतां घरीं तो लपवूं नका. साठ शून्यांचें गणित तुम्हांस आतां मांडतां येतें. तें घरीं मांडून दाखवा.