दिवाळीची नाजूक भांडी ऑनलाइन घेताना

फराळासाठी जयपूरची निळी पॉटरी मागवायची, तर ती कशाची असते हे आधी समजून घ्यावं. ती चिकणमातीची नसते. गारेची पूड, काचेची पूड आणि मुलतानी माती यांच्या लगद्यातून घडवून ती साधारण 800 ते 850 अंश सेल्सिअसला भाजतात. पोर्सिलेन 1200 अंशांच्या पुढे भाजलं जातं, म्हणून ते कितीतरी टणक. निळ्या वाडग्यात चिवडा, शंकरपाळे खुशाल ठेवा. कढत बासुंदी नको. आंबट पदार्थ वाढायचे असतील तर झिलईत शिसं नाही ना, हे विक्रेत्याला लेखी विचाराच. इथे भीड बाळगू नये.

फोटोवरून आकार कळत नाही, व्यास वाचा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. पोर्सिलेनची बशी बोटांवर तोलून कडेला टिचकी मारा. खणखणीत नादाऐवजी बद्द आवाज आला, तर उजेडात धरून केसासारखी चीर शोधा. सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असं 2020 चे ई-कॉमर्स नियम सांगतात. टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. बदली बशी यायला वेळ लागतो, तेव्हा वसुबारसेच्या बऱ्याच आधी मागणी नोंदवा.